हात धरणें आणि हात सोडणें

बापाची शेती मुलाला मिळते तेव्हां तलाठ्याच्या दप्तरांत एक नोंद झाली कीं काम संपतें. सासूच्या कमरेची किल्ली सुनेच्या कमरेला जाते, तिला तर नोंदही लागत नाहीं. श्रद्धेचा वारसा मात्र असा देतां येत नाहीं. एका पिढीला जें सांपडलें तें दुसऱ्या पिढीला पुन्हां स्वतःच शोधावें लागतें. वडीलधाऱ्यांच्या हातीं एवढेंच असतें कीं, शोधणाऱ्याच्या सोबतीस कांहीं अंतर चालावें. हें अंतर किती असावें, हात केव्हां धरावा आणि केव्हां सोडावा, हा प्रश्न सर्वच धर्मांत आहे. आज मी तो महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांच्या इतिहासांतून आपल्यापुढें मांडणार आहें.

हाच समाज निवडण्याचें कारण असें कीं, त्याच्यापुढें हा प्रश्न फार तीव्र रूपानें उभा राहिला. रूढ धर्माच्या घरांत आजी मुलाला मांडीवर घेऊन स्तोत्र शिकविते, आजोबा पूजेच्या वेळीं त्याला जवळ बसवितात, आणि धर्म म्हणून कांहीं शिकत आहों हें मुलाला कळण्याच्या आधींच अर्धें शिक्षण होऊन जातें. एकोणिसाव्या शतकांत ज्या मराठी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला त्यांचा हा आधार त्याच दिवशीं तुटला. घराचें दार मिटलें, पंक्ति बंद झाली, आणि ज्या वयांत वडील माणसाची गरज सर्वांत अधिक, त्याच वयांत ‘वडील’ म्हणून हांक मारावी असें कोणी उरलें नाहीं. रक्ताच्या नात्याचे वडील गेले, तेव्हां श्रद्धेच्या नात्याचे वडील शोधणें त्यांना भाग पडलें.

उलटपक्षीं समाजाला वाटणारें भयही अगदींच निराधार नव्हतें. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि या तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच्यामागून मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला. श्रीपतचें वय तेव्हां बारा वर्षांच्या सुमाराचें. वडिलांनीं न्यायालयाकडे धांव घेतली, आणि न्यायालयानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मोठा वाद माजला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीची बाजू घेतली. या प्रकरणांत एका घराचें दुःख आहे. आणि त्याबरोबरच एक प्रश्नही आहे, जो आजच्या सबंध भाषणाला सोबत करणार आहे. कोवळ्या मनाला वाट दाखविणें कोठें संपतें आणि त्याला ओढून नेणें कोठें सुरू होतें?

या प्रश्नाचें उत्तर तत्त्वचर्चेनें सांपडण्यासारखें नाहीं. म्हणून एका परंपरेचीच कथा सांगतों. या परंपरेंत एक इंग्रज मिशनरी आहे, एक काशीचा शास्त्री आहे, एक विदुषी आहे, आणि शेवटीं केडगांवच्या माळावरील शेंकडों मुली आहेत.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ सालचा. घराणें कोंकणस्थ ब्राह्मणाचें, पण शास्त्रीबोवा वाढले काशींत, संस्कृत विद्येच्या माहेरघरीं. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे त्या वेळीं काशींत उपदेश करीत असत. तरुण नीळकंठ त्यांच्याकडे गेले तें शिष्य होण्यासाठीं नव्हे, त्यांचें खंडन करण्यासाठीं. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञानें ‘मतपरीक्षा’ नांवाचा ख्रिस्ती मताचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून नीळकंठांनीं १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. विशीच्या आंतबाहेरचा हा तरुण. परंतु त्याची तर्कशक्ति अशी कीं, प्रतिपक्षानेंही तिची दखल घ्यावी.

स्मिथसाहेबांचें मोठेपण येथेंच दिसतें. जो आपल्याला हरवावयास आला त्याला त्यांनीं दार बंद केलें नाहीं. चर्चा वर्षांनुवर्षें चालूं राहिली. वाद करणाऱ्याला वाद करूं द्यावा, त्याच्या शंकेला घाई करूं नये, ही गुरुपणाची पहिली अट त्यांनीं पाळली. १८४८ च्या मार्च महिन्यांत नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही काशींत नव्हे, जौनपुरास. नवें नांव नेहेम्या असें ठेवण्यांत आलें. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून आली आणि तिनेंही बाप्तिस्मा घेतला. परंतु १८५३ सालीं मुलगी जन्मल्यावर लवकरच ती वारली. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, परक्यांच्या घरीं वाढली. पुढें इंग्लंडांत शिकली, इंग्रजींत भक्तिगीतें लिहून नांवारूपास आली आणि १८८० सालीं सेवेसाठीं हिंदुस्थानांत परतली. स्वतःच्या कन्येचें बालपण ज्याच्या वाट्यास आलें नाहीं असा हा बाप पुढें दुसऱ्याच्या कन्येचा धर्मपिता झाला, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

शास्त्रीबोवांच्या स्वभावांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. श्रद्धा मिळाली म्हणून त्यांच्या शंका संपल्या नाहींत. महाराज दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले, तेव्हां लंडनचें वैभव आणि तेथील लोकांचें जीवन पाहून त्यांचें मन उद्विग्न झालें. आपण येथें पाहिलें तेंच ख्रिस्ती जीवन असेल तर आपण ख्रिस्ती नव्हें, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं पंडित मॅक्स म्यूलर यांच्यापाशीं काढल्याचें म्यूलरसाहेबांनीं नमूद करून ठेवलें आहे. १८६० सालीं त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि दोन वर्षांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. पुढें ते धर्मगुरु झाले, आणि काउली फादर्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघांत त्यांनीं प्रवेश केला. पण त्या संघाचें अंतिम व्रत मात्र घेतलें नाहीं. वृत्तीनें विरक्त, बुद्धीनें चिकित्सक, आणि स्वतःविषयीं सदैव साशंक असा हा मनुष्य. असा मनुष्य तरुणांचा मार्गदर्शक कसा होणार, असें कोणास वाटेल. मला वाटतें, तो त्यामुळेंच मार्गदर्शक होऊं शकला. ज्याला कधीं वाट चुकलीच नाहीं तो चुकलेल्याला वाट काय सांगणार?

आतां १८८२ सालच्या पुण्यांत येऊं. पंडिता रमाबाई तेव्हां चोवीस वर्षांच्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान पण लोकविलक्षण ब्राह्मणाची ही कन्या. आईच्या मुखांतून संस्कृत शिकलेली. दुष्काळांत आईबाप आणि बहीण गमावून भावाबरोबर पायीं हिंदुस्थानभर हिंडलेली. कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. नंतर भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला आणि दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत वैधव्य आलें. पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी. अशा स्थितींत त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं निर्भयपणें साक्ष दिली. जुन्या धर्मावरील त्यांचा विश्वास ढळला होता, ब्राह्म मताकडे मन झुकलें होतें. परंतु तृप्ति नव्हती.

पुण्यांत त्यांना दोन व्यक्ति भेटल्या. मिस हर्फर्ड या मिशनरी बाई त्यांना मराठींतून नवा करार शिकवीत. आणि फादर गोऱ्हे येऊन हिंदु व ख्रिस्ती मतांतील भेद समजावून सांगत. शास्त्रीबोवांचें वय तेव्हां सत्तावन होतें. या दोघांचें साम्य पाहिलें म्हणजे नवल वाटतें. दोघेही कोंकणस्थ, दोघेही महाराष्ट्राबाहेर वाढलेले, दोघांचेंही बालपण संस्कृतांत गेलेलें, आणि दोघांनींही आपली माणसें गमावलेलीं. रमाबाईंना आजवर उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. परंतु ज्या शास्त्रांवर त्यांचा पिंड पोसला तींच शास्त्रें आंतून जाणणारा, तींच सोडतांना लागणारी कळ स्वतः सोसलेला असा मनुष्य त्यांना प्रथमच भेटला. तरीही पुण्यांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं, आणि १८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हांही धर्मांतराचा विचार मनांत नव्हता. शास्त्रीबोवांनीं त्यांना जाऊं दिलें. संबंध राहिला तो पत्रांचा.

वॉन्टेज येथील सेंट मेरीच्या धर्मभगिनींच्या मठांत त्यांचा मुक्काम होता. तेथें त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहिली. या भगिनी लंडनजवळ फुलम येथें पतित स्त्रियांसाठीं एक आश्रम चालवीत असत. समाजानें ज्यांना टाकलें त्यांना प्रेमानें वागविणें हें धर्माचें कार्य असूं शकतें, हें दृश्य रमाबाईंना नवें होतें. शास्त्रीबोवांच्या पत्रांनीं बुद्धीचे अडसर काढले आणि भगिनींच्या कृतीनें हृदयाचें दार उघडलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. ब्राह्म मतापासून आपलें मन वळविण्याचें सामर्थ्य गोऱ्ह्यांखेरीज दुसऱ्या कोणातही नव्हतें, अशा अर्थाचें त्यांनीं पुढें लिहिलें. आणि त्याचें श्रेय त्यांनीं शास्त्रीबोवांच्या युक्तिवादाला न देतां त्यांच्या नम्र, गोड वाणीला दिलें. युक्तिवादांत ज्याचा हातखंडा त्याच्या शिष्येला आठवली ती त्याची नम्रता! उपदेश करणाऱ्या प्रत्येक वडील माणसानें ही गोष्ट लिहून ठेवावी.

पण कथा येथें संपत नाहीं. खरी कसोटी पुढेंच आहे. वॉन्टेजच्या मठांत सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. मनोरमा आणि रमाबाई त्यांना प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. मायलेकींवर या बाईंचा जीव होता, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचें प्रेम हात धरणाऱ्याचें होतें. हात सोडणें त्यांना जमेना. रमाबाई कट्टर शाकाहारी. ज्या पक्वान्नांत अंडें असेल तें खात नसत. आजीबाईंना यांत जुन्या जातीचा अभिमान दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरें असत. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, माझ्या देशभगिनींना लॅटिन कळत नाहीं, मला संस्कृत अक्षरें हवींत. आजीबाईंना हा हट्ट वाटे. चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत रमाबाई १८८४ पासून शिकत आणि शिकवीत होत्या. त्यांनीं मुलग्यांनाही शिकवावें कीं काय असा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांचे अभिप्राय मागविण्यांत आले आणि ते प्रतिकूल पडले. ज्या बाईनें पुण्यामुंबईच्या भरसभांतून पुरुषांपुढें व्याख्यानें दिलीं, तिनें मुलग्यांना शिकवूं नये असा हा सल्ला!

सर्वांत मोठा मतभेद धर्ममतांविषयीं होता. त्रैक्य, मंडळीचा अधिकार, धर्मगुरूंची आज्ञा, या सर्वांविषयीं रमाबाई प्रश्न विचारीत आणि केवळ ‘मंडळी असें सांगते’ या उत्तरानें त्यांचें समाधान होत नसे. एका भटभिक्षुकशाहीचें जूं नुकतेंच मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्याचें चढविण्यासाठीं नव्हे, अशा आशयाचें त्यांनीं आजीबाईंना स्पष्ट कळविलें. चेल्टनमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची रीत निराळी होती. त्या शंकेला पाप समजत नसत. पत्रांतून विचारास विचारानें उत्तर देत आणि रमाबाईंना विचार करूं द्यावा असा त्यांचा कल असे. एकाच शिष्येला लाभलेल्या या दोन वडील बायांच्या रीतींतील फरक पाहिला म्हणजे आपला विषय हातावरच्या रेषांसारखा स्पष्ट होतो.

तरी आजीबाईंवर अन्याय करूं नये. रागाचीं, समजुतीचीं, कळवळ्याचीं ती सर्व पत्रें त्यांनीं जपून ठेवलीं आणि वृद्धापकाळीं स्वतः त्यांचा संग्रह केला. १९७७ सालीं तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला, म्हणूनच आज आपण या दोघींचें भांडण वाचूं शकतों. ज्या पत्रांत आपली बाजू अनेकदां दुबळी दिसते तीं पत्रें न जाळतां पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हाही एक हात सोडण्याचाच प्रकार म्हटला पाहिजे. उशिरां झाला, एवढेंच.

आणि शास्त्रीबोवा? तेही मताचे कडक होते. आपल्या शिष्येनें आपल्याच मंडळीच्या चौकटींत रहावें अशी त्यांची इच्छा होती, आणि तिच्या शंकांना त्यांनीं लांबलचक उत्तरें लिहिलीं. तीं सर्वच तिला पटलीं असें नाहीं. रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहिलें आहे कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांना उमजलें कीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ज्याच्यापायीं तो धर्म आहे तो ख्रिस्त अजून मिळावयाचा होता. हा शोध त्यांना ना शास्त्रीबोवांनीं लावून दिला, ना आजीबाईंनीं. गुरूनें ज्या घाटावरून नाव सोडली त्याच घाटाला ती लागेल असा नियम नाहीं. १८९५ च्या ऑक्टोबरांत शास्त्रीबोवा मुंबईस वारले. शिष्येचें खरें कार्य अजून उभें रहावयाचें होतें. तें त्यांना दिसलें नाहीं.

आतां रमाबाई स्वतः वडीलकीच्या जागीं आल्या. अमेरिकेंतून मदत मिळवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. विधवांसाठीं असलेल्या या शाळेंत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, प्रत्येकीला आपला आचार पाळण्याची मोकळीक असावी, असें ठरलें होतें, आणि न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार होते. रमाबाई स्वतः मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. ज्यांना यावेंसें वाटे त्या मुली येऊन बसत. कांहीं मुलींचें मन ख्रिस्ती धर्माकडे वळूं लागलें, तेव्हां पुण्यांत वादळ उठलें. १८९३ सालीं सल्लागारांनीं अंग काढून घेतलें आणि अनेक पालकांनीं मुली नेल्या.

श्रोतेहो, येथें श्रीपत शेषाद्रीचा प्रश्न पन्नास वर्षांनीं पुन्हां उभा राहिला. टीकाकारांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. ज्या मुलीला सासरीं जागा नाहीं, माहेरीं आधार नाहीं, जिचें अन्न, वस्त्र आणि अक्षर ज्या बाईच्या हातून येतें, त्या बाईच्या उघड्या दाराशीं ती मुलगी खरोखर आपल्या मनानें गेली कीं कृतज्ञतेच्या ओझ्यानें गेली, हें कोणीं सांगावें? रमाबाईंचें उत्तरही तितकेंच सरळ होतें. मी माझा देव दार लावून भजावा काय? मुलींना मी बोलावीत नाहीं, पण आलेल्यांना हांकलून देणें हाही एक जुलूमच होईल. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच तो वाद इतका कडवट झाला.

परंतु निर्णय देण्याच्या आधीं एक वस्तुस्थिति नमूद केली पाहिजे. शारदा सदनांत प्रवेश घेणारी पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती रमाबाईंच्या छायेखालीं शिकली, आणि ११ मार्च १८९३ रोजीं, म्हणजे वादळाच्याच वर्षीं, धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आनंदीबाई कर्वे. त्या जन्मभर हिंदु राहिल्या. रमाबाईंनीं एका हातानें धरलेल्या या मुलीला दुसऱ्या वाटेनें जाण्यास मोकळें सोडलें, आणि महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत त्या दोन्ही वाटा शेजारीं शेजारींच चालल्या.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या उपासमारीनें स्वतःचें घर उद्ध्वस्त केलें ती रमाबाई विसरल्या नव्हत्या. मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणि स्त्रिया वांचवून आणल्या. केडगांवच्या शेतजमिनीवर वस्ती उभी राहिली. १८९८ सालीं ‘मुक्ति’ सदन उभारलें गेलें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोंचली. फुलमचा आश्रम पाहिलेल्या डोळ्यांनीं त्यांनीं ‘कृपा सदन’ काढलें. अंध मुलींना बोटांनीं वाचावयास शिकविण्याची सोय झाली. एवढ्या लेंकरांना एकटी बाई आई कशी होणार? म्हणून आधीं आलेल्या मुलींनीं मागून आलेल्यांना सांभाळावें, शिकलेलीनें न शिकलेलीला शिकवावें, अशी घडी बसली. काल जी भुकेनें अर्धमेली होऊन बैलगाडींतून उतरली, तीच आज नव्या मुलीच्या केसांना तेल लावूं लागली. ज्यांना आजी नव्हती त्यांच्यासाठीं येथें थोरल्या बहिणी तयार झाल्या.

१९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं रोज प्रार्थनेसाठीं जमणाऱ्या मुलींचा एक गट सुरू केला. कांहीं महिन्यांत त्याची संख्या शेंकड्यांवर गेली. जूनच्या अखेरीस त्या प्रार्थनेला असा कांहीं भर आला कीं, मुली मोठ्यानें रडूं लागल्या, आपले दोष उघड सांगूं लागल्या, सर्वजणी एकदम मोठ्या स्वरांत प्रार्थना करूं लागल्या. हें पाहून अनेक मिशनऱ्यांच्या भुंवया चढल्या. ही कसली उपासना? हिला शिस्त नको काय? आतां ‘आजीबाईं’च्या आसनावर रमाबाई होत्या, आणि वीस वर्षांपूर्वीं त्यांना स्वतःला ऐकावें लागलें तेंच आतां त्यांच्या मुलींविषयीं बोललें जात होतें. रमाबाईंचा स्वतःचा स्वभाव अभ्यासू आणि संयमी. पण त्यांनीं मुलींना गप्प केलें नाहीं. हिंदी मुलींनीं हिंदी रीतीनें देवाला आळविलें तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं, असें म्हणून त्या मुलींच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. वडीलकीचा धडा त्या दोघांकडून शिकल्या होत्या: काय करावें हें शास्त्रीबोवांकडून, आणि काय करूं नये हें आजीबाईंकडून.

त्यांची वडीलकी नेहमींच सौम्य होती असें मात्र मी म्हणणार नाहीं. मुक्तीची शिस्त कडक होती आणि बाईंचा शब्द शेवटचा असे. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं बायबलाच्या भाषांतरास वाहिलीं. उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठींत सर्व ग्रंथ उतरविला. तें भाषांतर मंडळ्यांतून फारसें रूढ झालें नाहीं. तरीही त्याचा छापखाना पाहण्यासारखा होता. खिळे जुळविणें, मुद्रितें तपासणें, छापणें, बांधणें हें सारें काम मुक्तीच्या स्त्रियांनीं केलें. कांहीं वर्षांपूर्वीं ज्यांना अक्षराची ओळख नव्हती त्यांच्याच बोटांनीं तें पुस्तक जुळलें. श्रद्धेचा वारसा देणें याचा याहून सुंदर अर्थ मला तरी ठाऊक नाहीं: ग्रंथ हातीं दिला, तो समजेल अशी भाषा दिली, आणि ती भाषा जुळविण्याचे खिळेही त्यांच्याच स्वाधीन केले.

शेवट दुःखाचा आहे. ज्या मनोरमेच्या हातीं सर्व सोंपवावयाचें ती १९२१ च्या जुलैंत आईच्या आधीं गेली. नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागून, १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. रक्ताचा वारस उरला नव्हता. पण केडगांवचें काम थांबलें नाहीं. तें आजही चालूं आहे. याचें कारण उघड आहे. तें एका वारसावर उभें केलेलेंच नव्हतें. थोरल्या मुलीनें धाकटीचा हात धरावा या साध्या रीतीवर तें उभें होतें.

स्मिथसाहेबांनीं वादी तरुणासाठीं दार उघडें ठेवलें. त्या तरुणानें म्हातारपणीं एका विदुषीच्या शंका आदरानें ऐकल्या. त्या विदुषीनें हजारों अनाथ मुलींना आवाज दिला आणि तो आवाज आपल्यासारखा नाहीं म्हणून दाबला नाहीं. या सर्वांत कोणीही दुसऱ्याची हुबेहूब प्रत नाहीं. काशीचा तार्किक इंग्रज मिशनऱ्यासारखा झाला नाहीं. रमाबाई शास्त्रीबोवांसारख्या झाल्या नाहींत. आणि गोदूबाईंनीं तर वाटच निराळी धरली. तरीही प्रत्येकाच्या अंगीं मागच्याचें कांहींतरी आलें आहे.

आज कोणत्याही धर्माच्या घरांत वडील मंडळींची तक्रार ऐकूं येते कीं, तरुण मुलें आमचें ऐकत नाहींत, देवळांत येत नाहींत, प्रार्थनेला बसत नाहींत. तक्रार करण्यापूर्वीं त्यांनीं क्षणभर स्वतःला विचारावें: आपण मुलाचे प्रश्न ऐकले काय? आपल्याला पडलेल्या शंका कधीं त्याला सांगितल्या काय? आणि तो आपल्या वाटेनें न जातां दुसऱ्या वाटेनें जाऊं लागला, तर त्याच्यासाठीं दार उघडें राहील काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांना देतां येतील त्यांच्या हातांत हात देण्यास तरुण आजही तयार होतील, असा माझा विश्वास आहे.